पी-१६ पॉझिटिव्ह : घशाच्या कर्करोगाच्या अहवालातली एक ओळ कशी वाचावी

पी-१६ हे माणसाच्या स्वतःच्या पेशीत तयार होणारे प्रथिन आहे; ते विषाणूचे नाही. घशाच्या कर्करोगाच्या अहवालात ‘पी-१६ पॉझिटिव्ह’ असे लिहिलेले दिसले की ‘हा कर्करोग एचपीव्हीमुळे, म्हणजे मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे झाला’ असा अर्थ घेतला जातो आणि बहुतेक वेळा तो बरोबरही निघतो. तरी त्या तपासणीत विषाणू कोणी पाहिलेला नसतो. विषाणूने पेशीत जी मोडतोड केली, तिची ती खूण असते. शेतात रानडुक्कर दिसले नाही, पण उकरलेली माती दिसली, असा तो प्रकार. ही खूण कुठे भरवशाची आणि कुठे फसवी, हे तपासणीचा तुकडा तोंडाच्या किंवा घशाच्या नेमक्या कोणत्या जागेतून काढला यावर ठरते. म्हणून अहवाल हातात आल्यावर ‘पॉझिटिव्ह की निगेटिव्ह’ याच्या आधी ‘तुकडा कुठला’ हे पाहावे.

एक घोटाळा सुरुवातीलाच दूर करायला हवा. घशाचे विषाणूजन्य कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्हीच्या मुख्य प्रकाराचे नाव एचपीव्ही-१६ असे आहे आणि खुणेच्या प्रथिनाचे नाव पी-१६. या दोन सोळांचा एकमेकांशी काही संबंध नाही. विषाणूचा १६ हा त्याच्या प्रकारांच्या यादीतला क्रमांक आहे. प्रथिनाचा १६ हे त्याचे वजन आहे, सुमारे १६ किलोडाल्टन. रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या नातेवाइकांचा यात गोंधळ होतो आणि घाईत लिहिलेल्या संदर्भचिठ्ठीतही कधी कधी एकाच्या जागी दुसरे पडते.

पेशीने कधी दुभंगायचे आणि कधी थांबायचे, याला आवर घालणारे आरबी नावाचे एक प्रथिन असते. ते दाराच्या कडीसारखे आहे. पी-१६ हा राखणदार: कडी उघडू पाहणाऱ्या विकरांना तो अडवतो. या राखणदाराचा शोध १९९३ मध्ये अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत लागला. एचपीव्ही पेशीत ठाण मांडतो तेव्हा त्याचे ई-७ हे प्रथिन आरबीला नष्ट करते आणि ई-६ हे दुसरे प्रथिन पी-५३ या संरक्षक प्रथिनाचा काटा काढते. एरवी आरबीच पी-१६ची निर्मिती आटोक्यात ठेवत असते. ते गेल्यावर पेशी पी-१६ भरमसाट बनवू लागते. राखणदार जिवाच्या आकांताने ओरडतो, पण दाराला कडीच उरलेली नसते. त्यामुळे पेशीची वाढ थांबत नाही. प्रयोगशाळेत दिसतो तो हाच ओरडा.

तंबाखूच्या कर्करोगात चित्र नेमके उलटे असते. तिथे पी-५३चे जनुकच बिघडते आणि पी-१६ बनवणारे जनुक अनेकदा तुटून जाते किंवा बंद पडते. म्हणजे राखणदारच नाहीसा होतो. म्हणून तंबाखूच्या गाठींत पी-१६ सहसा सापडत नाही आणि विषाणूच्या गाठींत ते ओसंडून वाहते. एका साध्या, स्वस्त रंगचाचणीला इतके महत्त्व आले ते या फरकामुळे.

तोंड वेगळे, घसा वेगळा

मराठीत ‘तोंडाचा कॅन्सर’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. वैद्यकात मात्र त्याचे दोन स्पष्ट भाग पडतात. ओठ, गालाची आतली बाजू, हिरड्या, कठीण टाळू, जिभेचा पुढचा दोन-तृतीयांश भाग आणि जिभेखालची जागा मिळून मुखपोकळी होते. टॉन्सिल, जिभेचे मूळ, मऊ टाळू, पडजीभ आणि त्यामागची घशाची भिंत मिळून मुखग्रसनी होते. आरशात जीभ बाहेर काढून सहज दिसते ती बहुतेक मुखपोकळी. ‘आ’ करूनही नीट दिसत नाही ती मुखग्रसनी.

एचपीव्हीला मुखग्रसनी आवडते याचे कारण टॉन्सिलच्या रचनेत आहे. टॉन्सिलला आणि जिभेच्या मुळाला खोल, फाटे फुटलेल्या विवरांसारख्या खाचा असतात. त्यांच्या तळाशी अस्तर विरळ आणि जाळीदार असते, त्यामुळे विषाणूला खालच्या पेशींपर्यंत पोचणे सोपे जाते. अमेरिकेत मुखग्रसनीच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के एचपीव्हीमुळे होतात आणि त्यांतले ९० टक्क्यांच्या आसपास एकट्या एचपीव्ही-१६मुळे. मुखपोकळीच्या कर्करोगात विषाणूचा वाटा फार थोडा असतो.

महाराष्ट्रातल्या वाचकाला या विषयाची सर्वांत जास्त गरज इथेच पडते. जागतिक कर्करोग-आकडेवारीच्या २०२२च्या अंदाजानुसार भारतात त्या वर्षी ओठ आणि मुखपोकळीच्या कर्करोगाचे सुमारे १.४३ लाख नवे रुग्ण होते. गाल आणि हिरडी यांच्या मधल्या खाचेत तंबाखूचा बार धरला जातो, विदर्भात खर्रा, इतरत्र मावा. बायकांच्या हिरड्यांना वर्षानुवर्षे मिश्री लागलेली असते. बहुसंख्य गाठी याच जागांवर उगवतात. अशा गाठीवर पी-१६ करून हाती फारसे काही लागत नाही. ती विषाणूशिवायही कधी कधी पॉझिटिव्ह येते आणि आली तरी त्यामुळे आजाराचे भाकीत सुधारल्याचे खात्रीने म्हणता येत नाही. ‘कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्स’ या अमेरिकेतल्या पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनेने २०१८ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनातही मुखग्रसनीबाहेरच्या गाठींवर ही चाचणी सरसकट करू नये असेच म्हटले आहे. गालाच्या कर्करोगाच्या रुग्णाच्या नातेवाइकांनी ‘ती विषाणूची तपासणी राहिली’ म्हणून घोर लावून घेण्याचे कारण नाही.

भारतात मुखग्रसनीच्या कर्करोगातही विषाणूचे प्रमाण अमेरिकेपेक्षा कमी आढळते आणि वेगवेगळ्या केंद्रांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. तंबाखू आणि विषाणू एकाच माणसात असू शकतात हेही विसरू नये. तंबाखू खाणाऱ्याच्या टॉन्सिलची गाठ तंबाखूचीच असणार असे धरून पी-१६ टाळणे चुकीचे ठरते. उलट कधीही विडी-सिगारेट न ओढलेल्या माणसाची गाठ विषाणूचीच असेल, असेही नाही. मुखग्रसनीच्या स्क्वॅमस, म्हणजे अस्तरातल्या चपट्या, पेशींच्या प्रत्येक नव्या कर्करोगावर पी-१६ व्हायला हवी. ती झालेली नसेल तर रुग्णाने डॉक्टरांना तसे स्पष्ट विचारावे.

मानेतली गाठ

विषाणूजन्य कर्करोगाची मूळ गाठ बरेचदा लहान असते, टॉन्सिलच्या खाचेत दडलेली, न दुखणारी. पहिले लक्षण म्हणून जबड्याच्या कोनाखाली, मानेच्या बाजूला एक गाठ येते. दाढी करताना हाताला लागते. दुखत नाही, ताप नाही, गिळायला त्रास नाही. आपल्याकडे मानेतली गाठ म्हटली की क्षयाचा विचार आधी येतो, आणि तो चूकही नाही. पण चाळिशीनंतरच्या माणसाची, दोन-तीन आठवडे न उतरलेली गाठ सुईची तपासणी न करता नुसत्या प्रतिजैविकांवर किंवा अंदाजाने सुरू केलेल्या क्षयाच्या गोळ्यांवर ठेवणे धोक्याचे आहे. या गाठी पुष्कळदा पाण्याने भरलेल्या पिशवीसारख्या असतात, त्यामुळे सोनोग्राफीत त्या जन्मजात सिस्टसारख्या दिसतात. मोठ्या माणसाच्या मानेत ‘जन्मजात’ सिस्ट अचानक उगवली, तर शंका घ्यायला जागा आहे.

गाठीत स्क्वॅमस पेशींचा कर्करोग सापडला आणि मूळ जागा मिळत नसली, की पी-१६ वाट दाखवते. मानेच्या वरच्या किंवा मधल्या भागातल्या गाठीत ती जोरदार पॉझिटिव्ह आली, तर शोध टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाकडे वळवला जातो. मानेच्या खालच्या भागातल्या गाठीत, किंवा पेशींत केराटिन हे कठीण प्रथिन भरपूर दिसत असेल तिथे, पी-१६वर विसंबून राहता येत नाही. चेहऱ्याच्या त्वचेचे आणि फुप्फुसांचे काही कर्करोगही पी-१६ दाखवतात. अशा वेळी विषाणू थेट शोधणारी चाचणी जोडावी लागते.

मानेतल्या गाठीचे आणखी एक विषाणूजन्य मूळ नाकामागच्या घशात असते. तिथला दोषी एचपीव्ही नसून एपस्टाइन-बार विषाणू असतो आणि त्याची खूण पी-१६ देत नाही. त्यासाठी गाठीच्या पेशींत ईबीईआर नावाचा विषाणूचा आरएनए शोधतात. दक्षिण चीनमध्ये हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे; भारतात नागालँड, मणिपूरसारख्या ईशान्येकडच्या राज्यांत तो उर्वरित देशापेक्षा जास्त दिसतो. मूळ जागा न सापडलेल्या गाठीच्या अहवालात पी-१६ आणि ईबीईआर अशी दोन्ही नावे असतील, तर डॉक्टर दोन विषाणूंच्या दोन वेगळ्या वाटा तपासत आहेत असे समजावे.

प्रयोगशाळेत काय होते

काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टिकवून मेणाच्या ठोकळ्यात बसवतात. रुग्णालयात त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. त्यातून काही मायक्रॉन जाडीचे काप काढून काचेवर घेतात आणि पी-१६ला चिकटणारे प्रतिपिंड त्यावर सोडतात. जिथे प्रथिन आहे तिथे तपकिरी रंग उमटतो. ई-६-एच-४ हे यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे प्रतिपिंड. बोलीत या सगळ्याला ‘आयएचसी’ म्हणतात. नवा तुकडा काढावा लागत नाही, बायोप्सीच्या ब्लॉकवरच हे काम होते. म्हणून ‘आणखी एक तपासणी’ म्हणजे पुन्हा चिमटा, अशी भीती बाळगू नये.

रंग उमटला एवढ्यावर चाचणी पॉझिटिव्ह होत नाही. किमान ७० टक्के कर्कपेशींत, पेशीच्या केंद्रकात आणि पेशीद्रवात दोन्हीकडे, मध्यम ते गडद रंग दिसला तरच पॉझिटिव्ह म्हणायचे, हा सर्वमान्य निकष आहे. ‘पॅची’, ‘फोकल’, ‘वीक’ असे शब्द असतील तर ती पॉझिटिव्ह नव्हे. चांगल्या अहवालात टक्केवारी आणि रंगाची तीव्रता लिहिलेली असते. नुसते ‘पी-१६ प्लस’ लिहून दिले असेल, तर पॅथॉलॉजिस्टकडून तपशील मागून घेण्यात काही अवघड नाही. सुईने काढलेल्या नमुन्यावरही पी-१६ करता येते, पण तिथे ७० टक्क्यांचा निकष जसाच्या तसा लागू पडत नाही, म्हणून सुईच्या नमुन्यावरचा निगेटिव्ह निकाल अखेरचा मानू नये.

विषाणूच थेट शोधायचा असेल तर त्याचा डीएनए किंवा, अधिक नेमकेपणाने, ई-६ आणि ई-७चा आरएनए पेशीत पाहतात. आरएनए सापडला याचा अर्थ विषाणू तिथे नुसता बसलेला नाही, काम करतो आहे. या चाचण्या महाग आहेत आणि मोजक्याच ठिकाणी होतात. म्हणून जगभर आधी पी-१६ करतात आणि गरज पडली तर पुढची पायरी.

ही गरज किती वेळा पडते, याचे उत्तर २०२३ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजी या नियतकालिकात आले. नऊ देशांतल्या मुखग्रसनीच्या ७,६५४ रुग्णांमध्ये पी-१६ आणि एचपीव्हीची चाचणी ताडून पाहिली, तेव्हा सुमारे ९ टक्क्यांमध्ये दोन्हींचे जमले नाही. दोन्ही पॉझिटिव्ह असलेल्यांपैकी ८१ टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते आणि दोन्ही निगेटिव्ह असलेल्यांपैकी ४० टक्के. ज्यांच्यात एक पॉझिटिव्ह आणि दुसरी निगेटिव्ह होती, ते ५३ ते ५५ टक्क्यांवर, मध्येच राहिले. जिथे विषाणूचे प्रमाण कमी आणि तंबाखू जास्त, तिथे पी-१६ पॉझिटिव्ह आलेल्यांतही विषाणू नसलेले रुग्ण जास्त निघतात. भारतातल्या रुग्णाला याचा अर्थ असा की पी-१६ पॉझिटिव्ह आली आणि सोबत तंबाखूचा मोठा इतिहास असला, तर विषाणूची थेट चाचणी करून घेणे परवडत असल्यास ते पैसे वाया जात नाहीत.

निकालाने काय बदलते, काय बदलत नाही

सर्वांत आधी बदलतो तो टप्पा, म्हणजे स्टेज. कर्करोगाचे टप्पे ठरवणाऱ्या अमेरिकन संयुक्त समितीच्या नियमावलीच्या आठव्या आवृत्तीत, जी जानेवारी २०१८ पासून लागू झाली, पी-१६ पॉझिटिव्ह मुखग्रसनीच्या कर्करोगाला वेगळे कोष्टक दिले आहे. टॉन्सिलची लहान गाठ आणि मानेच्या त्याच बाजूला सहा सेंटिमीटरपर्यंतच्या अनेक गाठी, हे जुन्या हिशेबाने चौथ्या टप्प्यात बसायचे. नव्या कोष्टकात पी-१६ पॉझिटिव्ह असल्यास तोच आजार पहिल्या टप्प्यात येतो. एका रुग्णालयाच्या कागदावर ‘स्टेज चार’ आणि दुसऱ्याच्या कागदावर ‘स्टेज एक’ पाहून घरात गोंधळ उडतो, कोणीतरी फसवते आहे अशी शंका येते. बरेचदा दोघांनी आजार एकच पाहिलेला असतो. एकाने पी-१६ हिशेबात धरलेली असते, दुसऱ्याने नाही.

भाकीत बदलते, पण सगळ्यांचे सारखे नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीच्या विश्लेषणात एचपीव्ही असलेल्यांपैकी ८२ टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते, नसलेल्यांपैकी ५७ टक्के. त्याच विश्लेषणात धूम्रपानाने हा फायदा कुरतडल्याचे दिसले: रोज वीस सिगारेटचे एक पाकीट याप्रमाणे दहा वर्षांपेक्षा जास्त ओढलेल्या माणसाला विषाणू असूनही तितकी सवलत मिळत नाही. आपल्याकडची विडी आणि चघळायची तंबाखू या पाकिटांच्या हिशेबात नीट बसत नाहीत. तरीही उपचार चालू असताना तंबाखू सोडल्याने फायदाच होतो, मग पी-१६ काहीही येवो.

उपचार मात्र सहसा बदलत नाहीत, आणि नेमके इथेच रुग्णाने सावध राहायला हवे. ‘चांगल्या जातीचा’ कर्करोग आहे, तर उपचार हलके करू, हा विचार स्वाभाविक आहे. तसे करून पाहिले गेले. रेडिएशनबरोबर नेहमीच्या सिस्प्लॅटिनऐवजी सेटुक्सिमॅब देऊन त्रास कमी होतो का, हे पाहणाऱ्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. दोन्हींत त्रास अपेक्षेइतका कमी झाला नाही, उलट सेटुक्सिमॅब घेतलेल्या गटात जास्त रुग्ण दगावले. आज ज्याला सिस्प्लॅटिन झेपते, त्याला पी-१६ पॉझिटिव्ह आहे या एकाच कारणावरून दुसऱ्या औषधावर नेणे किंवा रेडिएशनचा डोस कमी करणे रीतसर संशोधनचाचणीबाहेर करू नये. तशी सूचना कोणी केली, तर ‘हे चाचणीचा भाग म्हणून आहे का’ असे विचारावे आणि दुसऱ्या केंद्राचे मत घ्यावे.

अहवालात पीडी-एल-१ असे आणखी एक प्रथिन दिसू शकते. त्याचा विषाणूशी थेट संबंध नाही. आजार उलटला किंवा पसरला तर इम्युनोथेरपीचा उपयोग होईल का, याचा अंदाज त्याच्या गुणांकावरून घेतात. 

घरातला प्रश्न सर्वांत नाजूक असतो. एचपीव्ही लैंगिक संबंधांतून, मुखमैथुनातूनही पसरतो, हे कळल्यावर नवरा-बायकोत संशय उभा राहतो. पी-१६ पॉझिटिव्ह निकालावरून विषाणू कधी आला, कोणाकडून आला, हे सांगता येत नाही. तो बहुतेक प्रौढांना आयुष्यात कधी ना कधी गाठतो, बहुतेकांत एक-दोन वर्षांत नाहीसा होतो, आणि ज्यांच्यात राहतो त्यांच्यात कर्करोग व्हायला काही दशके जाऊ शकतात. जोडीदाराच्या तोंडाची किंवा घशाची विषाणू-तपासणी करण्याची शिफारस नाही. बायकोने गर्भाशयमुखाची नेहमीची तपासणी वेळापत्रकानुसार करून घ्यावी, तेवढे पुरे. ताट-पेला वेगळा काढणे, नातवंडांना जवळ येऊ न देणे याला कसलाही आधार नाही.

निरोगी माणसाने रक्तातून हा आजार आधी ओळखता येईल का, असे विचारणे साहजिक आहे. विषाणूच्या ई-६ प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे काही रुग्णांच्या रक्तात निदानाच्या दहा वर्षांहून आधी सापडली आहेत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासात मुखग्रसनीच्या रुग्णांपैकी सुमारे ३५ टक्क्यांच्या साठवलेल्या जुन्या रक्तात ती होती. निरोगी गटात एक टक्क्याहूनही कमी लोकांत. आकडा थक्क करणारा आहे, पण रोग तुलनेने विरळ असल्याने पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी बहुतेकांना तो होणारच नाही. आणि गर्भाशयमुखावर जशी कर्करोगापूर्वीची जागा दिसते आणि काढता येते, तशी टॉन्सिलच्या खाचेत दिसत नाही. म्हणून ‘घशाच्या कॅन्सरची रक्तचाचणी’ किंवा ‘लाळेची चाचणी’ या नावाने निरोगी माणसांना विकले जाणारे पॅकेज घेऊ नये.

लस हा वेगळा विषय, पण प्रश्न हमखास येतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस एचपीव्ही ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांविरुद्ध आहे आणि ९ ते २६ वयोगटातल्या मुलामुलींना देता येते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये नऊ प्रकारांवरच्या लसीच्या उपयोगांत डोके-मानेच्या काही कर्करोगांचा प्रतिबंधही जोडला. ज्याला कर्करोग झाला आहे, त्याच्यावर लस उपचार म्हणून काम करत नाही. घरातल्या नऊ ते चौदा वर्षांच्या मुलामुलींसाठी मात्र ती बालरोगतज्ज्ञांशी बोलण्याची गोष्ट आहे, आणि मुलग्यांना वगळण्याचे कारण नाही.

निदान झाल्यावर कागदांइतकाच ब्लॉक जपावा लागतो. लहान गावात बायोप्सी करून उपचारांसाठी मुंबईत परळला किंवा नागपूर-पुण्याला जाणाऱ्या रुग्णाने निघतानाच प्रयोगशाळेतून ब्लॉक आणि काचा दोन्ही मागून घ्याव्यात, त्यांवरचा क्रमांक अहवालावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा, ब्लॉक उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये, कारण मेण वितळते. नव्या केंद्रात काम झाले की तो परत घ्यावा आणि घरी न ठेवता शक्यतो एखाद्या प्रयोगशाळेच्या नोंदीत ठेवावा. काही वर्षांनी फुप्फुसात डाग दिसला, तर तो जुन्या टॉन्सिलचा पसरलेला आजार आहे की फुप्फुसाचाच नवा, हे ठरवण्यासाठी डॉक्टर दोन्ही नमुन्यांवर विषाणूची थेट चाचणी मागतात, आणि त्या दिवशी जुना ब्लॉक हाताशी असावा लागतो.